मैलावरचं लाल फडकं

ते दोघं दारात येऊन उभे राहिले तेव्हा मी घमेल्यात चुना भिजवत होते. चुना फसफसत होता, त्यामुळं पावलं काही ऐकू आली नाहीत. मान वर केली तर एक आमच्या गावच्या कुंभाराचा महिपती आणि दुसरा कोण, ते आजवर मला कळलेलं नाही. फाल्गुनातलं ऊन, आणि त्या दुसऱ्याच्या खांद्यावर घोंगडं. अशा उन्हात माणूस घोंगडं घेतो ते थंडीसाठी नव्हे, खाली काहीतरी झाकायला. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"बयाजी कुठाय, वैनी?" महिपतीनं विचारलं.

"सडकंवर. आन् कुठं असणार?"

"दिस कलायच्या आत त्याला बिरोबाच्या माळावर धाडा. मास्तरांनी बोलावलंय."

मी पाणी देऊ का म्हटलं. महिपतीनं त्या दुसऱ्याकडं पाहिलं आणि नको म्हणाला. माझ्या हातची भाकरी कितीदा खाल्लेलं पोर ते, पण त्या दिवशी त्यानं माझ्या दारचं पाणी घेतलं नाही. ते दोघं गेले. चुन्याचा हात तसाच तोंडाला लागला आणि ओठ भाजला, तेव्हा भानावर आले.

माझे मालक मैलकुली होते. आता हे सांगावं लागतं, कारण आता ती माणसंच राहिली नाहीत. सरकारी सडकेचा एकेक मैल एकेका माणसाला वाटून दिलेला असायचा. खड्डे बुजवायचे, सडकेखालच्या मोऱ्या उपसायच्या, मैलाचे दगड चुन्यानं रंगवायचे, आणि कुठं सडक खचली, फुटली की सगळ्यात आधी काय करायचं, तर दोन्ही बाजूंनी चुना लावलेले दगड मांडायचे, काठी रोवायची आणि तिला लाल फडकं बांधायचं. मग बाकीचं काम. आमचं घरही त्या मैलावरच होतं, सडकेच्या कडेला. नवऱ्याला लोक बयाजी म्हणत आणि मैलाला बयाजीचा मैल म्हणत. मी तेवढी "आमचा मैल" म्हणायची, कारण फडकी माझ्या जुन्या लुगड्याची फाडलेली असायची.

त्या साली आमच्याकडं दोन सरकारं होती. एक इंग्रजांचं, त्याची लॉरी सडकेवरून यायची. दुसरं आपल्या पोरांचं, ते उसातून, ओढ्यातून, माळावरून यायचं. मास्तर हे त्या दुसऱ्या सरकारचे आमच्या भागातले पुढारी. खोटं कशाला बोलू, चांगली कामं केली त्यांनी. दरोडेखोर हटवले, बांधाबांधांची भांडणं मिटवली. बिरोबाच्या माळावरच्या वस्तीला गाडी जात नव्हती, बाळंतिणीला झोळीत घालून आणावं लागायचं, तिथवर सगळ्या गावाला कामाला लावून त्यांनी गाडीवाट केली. सुट्टीच्या दिवशी आमचे मालक तिथं जाऊन राबायचे. मुरूम कसा पसरायचा, तो ठोकून बसवायला धुम्मस कशी मारायची, पाणी कडेला कसं उतरवायचं, ते पोरांना दाखवायचे. धुम्मस मात्र इंग्रज सरकारची असायची. मी म्हणायची, एक दिवस दोन्हीकडनं मार खाल. ते हसायचे.

पण खबऱ्याला पोरांचं सरकार सोडत नसे. शेजारच्या वाडीच्या रंगरावाला त्यांनी माळावर नेऊन मारलं आणि बैलगाडीत घालून घरी आणून टाकला होता. मी त्याच्या बायकोला भेटायला गेले तेव्हा तो सोप्यातून गोठ्यापर्यंत हातांवर सरकत चालला होता. पायांच्या तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि चटकन पाय धोतराखाली ओढून घेतले. ते बघितल्यापासून माळाचं नाव काढलं की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागायची.

झालं होतं ते असं. आधीच्या दिवशी पहाटे आमचे मालक नेहमीसारखे मैलावर निघाले. ओढ्याच्या वळणावर त्यांची काठी मातीत आत गेली. बघतात तर मोरीपाशी सडक आडवी खणून काढलेली, वर तुराट्या घालून माती पसरलेली. वरून काही कळायचं नाही असं बेमालूम काम. पोलिसांची लॉरी त्यात पाडायची आणि बंदुका काढून घ्यायच्या, असा पोरांचा बेत होता. आमच्या मालकांनी मैलकुलीनं करायचं ते केलं. तुराट्या बाजूला केल्या, पांढरे दगड मांडले, काठी रोवून फडकं बांधलं आणि पाटी-कुदळ आणायला घराकडं वळले. तेवढ्यात लॉरी आली, फडकं बघून थांबली. खड्डा ताजा, म्हणजे पोरं लांब गेलेली नाहीत, हे पोलिसांनी ओळखलं. उतरून पांगले आणि ओढ्यापलीकडच्या गुऱ्हाळात झोपलेल्या शिदूला धरला. बाकीची पोरं उसात पळाली. शिदू आमच्या गावच्या भागाकाकीचा एकुलता एक. त्याला तालुक्याला नेऊन कोठडीत घातलं.

आता हे त्या सरकारला कसं दिसणार? बयाजीनं फडकं लावून पोलिसांना खूण केली, असंच.

मी चुना तसाच टाकून वळणाकडं धावले. मालक तोच खड्डा भरत होते. सडकेवरच्या सरकारी मिस्त्रीनं सकाळीच येऊन तंबी दिली होती की संध्याकाळच्या आत सडक पूर्वीसारखी दिसली पाहिजे. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी धुम्मस खाली ठेवली नाही.

"एवढा थर बसू दे," म्हणाले. "मग जाऊ."

मी हात जोडले. म्हटलं, माझ्या माहेरी जाऊ, माणदेशात कोण विचारतंय. दोन वर्षं मेंढरं राखू. ते म्हणाले, पळालो म्हणजे खबऱ्याच ठरलो, मग इथं आपलं कुणी उरणार नाही. तेही खरंच होतं. मग मी ते विचारलं, जे काल दिवसभर विचारायचं टाळलं होतं.

"लॉरी दिसली तवा फडकं काढायचं हुतं की."

ते थांबले. घाम पुसला. "काढणार हुतो. पाठीमागं वळलो बी. हात उचलला न्हाई."

"हे तिथं सांगू नगा," मी म्हटलं. "म्हणा, घराकडं गेलो हुतो, लॉरी बघितलीच न्हाई. तुमच्या पाया पडते."

त्यांनी पुन्हा धुम्मस मारायला घेतली. या माणसाच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खडकातून पाणी काढायचं. मला सारखं वाटत होतं, आज तरी देवानं याला जरा लबाड करावं.

माळाकडं आम्ही त्या नव्या गाडीवाटेनं गेलो. मी वाटभर तेच घोकत होते. लॉरी बघितली नाही, घराकडं गेलो होतो. ते पुढं, मी मागं. मध्येच ते खाली वाकले. मला वाटलं चक्कर आली. तर वाटेवर आलेला एक दगड उचलून त्यांनी कडेला ठेवला. स्वतःच्या निवाड्याला चाललेला माणूस, आणि गाडीचं चाक अडेल म्हणून दगड उचलतोय. मला इतका राग आला की तोच दगड त्यांच्या पाठीत घालावा असं वाटलं, आणि लगेच रडू आलं.

देवळामागं बाभळीच्या सावलीत पंचवीस-तीस माणसं बसली होती. निम्म्यांना मी ओळखत होते, पण कुणी नजर दिली नाही. बाजूला भागाकाकी गुडघ्यात तोंड घालून बसली होती. मास्तर बारके, चष्म्याला दोरा बांधलेला. ते सगळ्यांना अहोजाहो करायचे आणि आवाज चढवायचे नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसाला समजावता तरी येतं.

"फडकं तुम्ही लावलं?"

"व्हय."

"पोलिसांनी सांगितलं होतं?"

"न्हाई. खड्डा दिसला की लावायचं असतं."

मागं कुणीतरी हसलं. मास्तरांनी मान वळवली तसं ते थांबलं.

"लॉरी येताना तुम्ही पाहिली?"

मी पदर तोंडात धरला. मनात म्हणत होते, नाही म्हणा, एकदा नाही म्हणा.

"पायली."

"कुणाची ते कळलं?"

"कळलं."

"मग फडकं काढलं का नाही?"

आमचे मालक स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिले. मग मला जे सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत सांगितलं. हात उचलला नाही. मला वाटलं, संपलं. रंगरावाचे ते चिंध्या बांधलेले पाय डोळ्यांपुढं आले, फक्त वर तोंड आमच्या मालकांचं.

मास्तर उठून उभे राहिले. मग लोकांकडं वळून म्हणाले की हा माणूस खबऱ्या नाही, खबऱ्या असं बोलत नाही. ही गाडीवाट यानं आपल्याबरोबर केली आहे, तेही विसरायचं नाही. पण याच्या फडक्यापायी आपला एक पोरगा गेला, आणि उद्या आणखी दोन जातील. मग यांच्याकडं बघून म्हणाले, "बिरोबाचा भंडारा उचला. आम्ही खणलेल्या खड्ड्याला यापुढं फडकं लावणार नाही, एवढी शपथ घ्या आणि घरी जा."

माझा जीव भांड्यात पडला. एवढंच? एवढ्याशा गोष्टीसाठी मी अर्धी झाले होते? महिपतीनं पानावर भंडारा आणून पुढं धरला. बिचाऱ्याचा चेहराही सुटल्यासारखा झाला होता.

आमच्या मालकांनी हात पुढं केला नाही.

मी उठले. बाईमाणसानं तिथं उठायचं नसतं, पण मला काही सुचत नव्हतं. जाऊन त्यांचं मनगट धरलं आणि भंडाऱ्याकडं ढकललं. त्यांनी माझा हात हळूच सोडवला.

"आत्ता आन घीन," ते मला म्हणाले, मास्तरांना नव्हे. "आन् पहाटं खड्डा दिसला की मोडीन. देवाला मधी कशाला घालायचं?"

सगळीकडं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, मस्ती आहे याला. त्या घोंगडीवाल्यानं घोंगडं खाली ठेवलं. तेव्हा भागाकाकी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं आमच्या मालकांकडं बोट केलं.

"मारा त्याला," ती म्हणाली. "माझं लेकरू त्याच्यापायी गेलं. त्याला मारल्याबिगर माझ्या जिवाला थंडावा न्हाई." मग ती मास्तरांकडं वळली. "पर मास्तर, मला एक सांगा. आज मी अंधाराची उठून भाकरी घेऊन तालुक्याला गेले, आता रोज जायाचं हाय. त्याच सडकंनं. तुमचा फुडचा खड्डा कुठंशी हाय, ते मला कोण सांगणार?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. पण इतक्या माणसांपुढं शपथ नाकारलेल्या माणसाला तसंच कसं सोडायचं? तळव्यांवर वेताचे फटके, असं ठरलं. आणि पुढच्या वेळी फडकं दिसलं तर निव्वळ पायांवर भागणार नाही, हेही त्यांनी तितक्याच हळू आवाजात सांगितलं.

त्यांना पालथं घातलं. एकजण पाठीवर बसला. मी पळत सुटायला बघत होते, तर मला कुणीतरी मागून घट्ट धरलं आणि माझं तोंड आपल्या छातीशी दाबलं. ती भागाकाकीच होती. तिच्या अंगाला जळणाचा वास येत होता. मला दिसलं काहीच नाही, पण ऐकू सगळं आलं. आमचे मालक आधी गप्प होते. शेवटी शेवटी त्यांनी आईला हाक मारली. ती जाऊन किती वर्षं झाली होती.

त्याच गाडीवाटेनं त्यांना गाडीत घालून आणलं. वाट इतकी चांगली केली होती की एकही हिसका बसला नाही. महिपती गाडी हाकत होता आणि सगळी वाट रडत होता.

आता दुसरी भीती सुरू झाली. मैलकुली मैलावर दिसला नाही तर मिस्त्री घरी येणार. पाय बघितले तर कुणी मारलं विचारणार, वर कळवणार, आणि मग इंग्रज सरकार यांना कचेरीत नेऊन नावं वदवून घेणार. म्हणजे उरलेलं हाड तिथं मोडायचं. मी पायांना कडुलिंबाचा पाला बांधला, वर फडक्यांचे जाड थर गुंडाळले आणि रात्रीच मिस्त्रीला सांगून आले की दोन्ही पायांना नारू निघालाय. नारूचं नाव काढलं की त्या काळी कुणी जवळ येत नसे. मिस्त्रीनं नाक मुरडलं आणि म्हणाला, मग मैल कोण बघणार? मी म्हटलं, मी बघते.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी निघाले. एका हातात त्यांची काठी, कमरेला खोचलेलं लाल फडकं. निघताना ते फडकं माझ्या हातात त्यांनीच दिलं होतं.

मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नाही. आपल्याच दारची सडक, डोळे झाकून चालावी अशी, आणि मी एकेक पाऊल चाचपून टाकत होते. काठी पुढं टेकायची, मग पाय. ओढ्याकडून जरा खुट्ट झालं की जागच्या जागी थिजायची. बिरोबाला, भैराईला, सगळ्यांना एकच सांगत होते, आज खड्डा नको. खड्डा असला तर मी काय करू? फडकं लावलं तर नवरा जातो. नाही लावलं तर जो कोणी पहिला येईल तो जातो. आणि पहिली कोण येते हे मला माहीत होतं. भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन, माझ्यामागून, तेवढ्याच अंधारात. तिनंच म्हटलं होतं मारा त्याला. एकदा तर माझ्या मनात आलंही, पडू दे तिला. खरं सांगते, आलं. आणि लगेच तिच्या अंगाचा तो जळणाचा वास आठवला.

वळण ओलांडलं. जुना खड्डा घट्ट बसला होता. जरा जीवात जीव आला आणि मी पाऊल थोडं झपाझप टाकायला लागले. दुसऱ्या मोरीच्या अलीकडं उजव्या पायात असा काटा घुसला की मी आई गं करून तिथंच बसले.

हात फिरवून बघितलं. सडकेच्या कडेला, जिथून पायी माणसं चालतात तिथं, बाभळीची अख्खी फांदी आडवी टाकलेली. वाऱ्यानं हलू नये म्हणून दोन्ही टोकांवर धोंडे ठेवलेले. शेतात गुरं शिरू नयेत म्हणून आम्ही कवाडात ठेवतो तशी. मी बसल्या बसल्या काठी पुढं लांबवली. जरा पुढं काठी तुराट्यांतून आत गेली.

उठून काठीनं चाचपत गेले, तर सडकेच्या पलीकडच्या कडेलाही तशीच फांदी होती. मोरीच्या पल्याडच्या अंगालाही. मधली सडक, जिथून चाकं जातात, ती मोकळी. लॉरीवाल्याला अंधारात ती फांदी दिसायची नाही, आणि दिसली तरी वाऱ्यानं पडलेली वाटायची. चाकाला बाभळीचा काटा काय करतो? पण अनवाणी माणूस त्याच्या पुढं एक पाऊल टाकू शकत नाही. आणि आमच्याकडं पायात वहाण होतीच कुणाच्या?

माझ्या पायातून रक्त येत होतं आणि मी हसत होते की रडत होते ते मलाच कळत नव्हतं. कुणी ठेवली असेल? मास्तरांनी सांगितलं असेल, की महिपतीनं आपल्याच मनानं ठेवली? ते मला कधी कळलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

मागून पावलं आली. मी ओरडून म्हटलं, "काकी, थांबा. काटा हाय."

भागाकाकी थांबली. पाटी खाली ठेवली, वाकून फांदी चाचपली, आणि मला खाली बसवून शेजारी बसली. माझा पाय मांडीवर ओढला. फांदीचाच एक काटा मोडून त्यानं माझ्या तळव्यातला काटा काढायला लागली. आता थोडं उजाडलं होतं. ती खाली मान घालूनच म्हणाली, "त्याचं पाय कसं हायती?"

"सुजल्यात," मी म्हटलं. "भुईला टेकत न्हाईत."

काटा निघाला. तिनं अंगठ्यानं रक्त दाबून धरलं.

"माझ्या शिदूचं बी," ती म्हणाली. "काल जाळीतनं बघितलं मी. तिथं पट्ट्यानं मारत्यात."

मग तिनं पाटीतली एक भाकरी काढून माझ्या पदरात टाकली. मी नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. पाटी डोक्यावर घेतली, फांदीला वळसा घालून कडेच्या ढेकळांतून पलीकडं उतरली आणि तालुक्याच्या वाटेला लागली.

मी लंगडत घरी आले. मालक भिंतीला टेकून जागेच होते. चेहरा नुसता राखेसारखा. मी दारात पाऊल टाकायच्या आत त्यांनी विचारलं, "फडकं लावलंस?"

मी कमरेचं फडकं काढून त्यांच्यापुढं ठेवलं, आणि त्यावर तो काटा ठेवला. काय बघितलं ते सांगितलं. त्यांनी काटा उचलून उजेडात धरला, बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला.

"खड्ड्यापासनं लांब ठेवलीया न्हवं?" म्हणाले. "माणूस चटकन थांबत न्हाई."

"लांब ठेवलीया," मी म्हटलं. "मी थांबले की."

मग मी भागाकाकीची भाकरी मोडली आणि अर्धी त्यांना दिली. ती कुणाची, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी ती खाल्ली.